फटीतला ओला कागद

किल्ली देतो, निधी मॅडम, पण आधी बसा. प्रयोगशाळा उद्यापासून तुमची. सह्या झाल्या, सामानाची यादीही तपासून झाली. पण यादीत नसलेली एक वस्तू या खणात आहे. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय अमरावती सोडायचा धीर मला होत नाही.

हे यंत्र तुम्ही ओळखताच. आत काडेपेटीतल्या काडीएवढा काळा तुकडा, अतिवाहकाचा. म्हणायला ‘उच्च तापमानाचा’, आणि चालायला लागतो उणे एकशे ऐंशी अंशांच्या खालचा गारठा! एका टोकाला हीटर, दुसरं टोक द्रव नायट्रोजनने गार केलेलं, मधे दोन तापमापक. दोघांतला फरक मोजायचा आणि उष्णता तुकड्यातून कशी वाहते ते काढायचं. फरक इवलासा असतो. खोलीत झळ शिरली की आकडे नाचायला लागतात. मे महिन्यात दुपारी अख्खं वऱ्हाड दारं-खिडक्या लावून बसतं, तसाच मीही बसायचो. खिडकीच्या फटीत ओला पेपर कोंबायचो आणि वर स्वतःच्या हुशारीचं कौतुक करायचो.

माया माझी संशोधक विद्यार्थिनी, बार्शीटाकळीची. दोन वर्षांपूर्वी चौदा मेला दुपारी ती याच खोलीत वारली. बंद खोलीत नायट्रोजनची वाफ होत राहिली, प्राणवायू कमी होत गेला. त्या वाफेला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. चौकशीत मी सांगितलं, “खिडकी उघडी ठेव म्हणून मी तिला बजावलं होतं.” सगळ्यांना पटलं. हलगर्जीपणा मायाचा ठरला. फटीतला तो पेपर मी आधीच घरी नेऊन जाळला होता. त्यावर माझं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं, माझ्या नेहमीच्या हिरव्या शाईत.

गेल्या मेमध्ये भर उन्हात तिचे वडील आले. चंद्रभान, गुरांच्या दवाखान्यात परिचर. डोक्याला दुपट्टा, चपला दाराबाहेर काढलेल्या.

“सर, मायाचा तो तुकडा चालताना पाह्याचा होता मले. एकडाव.”

नाही कसं म्हणणार? मी खिडकी सताड उघडली, नायट्रोजन ओतला. हीटर बंदच ठेवला, आधी शून्य तपासायचं म्हणून. यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ आली. दोन्ही तापमापक सारखे.

मग रेघ वर गेली. खाली आली. पुन्हा वर...

मी हीटरची तार उपटून काढली. रेघ चालूच. चंद्रभान मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ओठ हलवत होते.

“काय मोजताय?”

“मिनिटाले सोळा,” ते हळूच म्हणाले. “श्वास घेऊन राह्यलं कोणीतरी, सर...”

“जोड सैल असेल,” मी म्हणालो.

“एक इचारू? आमच्या दवाखान्यात वळूच्या रेताच्या कांड्या याच नायट्रोजनमंदी राह्यतात. खिडकी उघडल्याबिगर टाकीचं झाकण आमी काढत नाही. माया सहा वर्षांची होती, तवापासून मी तिले हेच शिकवलं. मंग तिनं खिडकी काहून लावली असन?”

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. “तिनेच लावली. मी बजावलं होतं.”

रेघ मंद होत गेली. सोळाचे बारा, बाराचे आठ... माझं डोकं हलकं झालं. खोलीत उजेड का कमी झाला म्हणून वळून पाहिलं, तर खिडकी बंद. मी जागचा उठलो नव्हतो, चंद्रभानही नव्हते. फटीत कागद कोंबलेला होता आणि त्यातून पाणी भिंतीवर ओघळत होतं.

चंद्रभानांनी धडपडत जाऊन तो उपसून काढला, तावदानं ढकलली. झळ आत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती हावऱ्यासारखी छातीत ओढून घेतली. चंद्रभान तो कागद उलगडत होते.

“चौदा मे,” ते म्हणाले. “साल बी तेच हाय. हे हिरवं अक्षर कोणाचं, सर?”

याच कागदाची राख मी माझ्या हाताने मोरीत सोडली होती.

“खिडकी मीच लावायला सांगितली होती,” मी म्हणालो. “आकडे हलतात म्हणून. ती नको नको म्हणत होती... मी रागावलो तिच्यावर.”

पडद्यावरची रेघ सरळ झाली होती. चंद्रभान म्हणाले, “मले ठाऊक होतं. तुमच्या तोंडून ऐकाचं होतं.” कागद त्यांनी नेला नाही. माझ्या टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेले.

चौकशी पुन्हा उघडली. सगळं खरं सांगितलं, म्हणून तर आज ही किल्ली तुम्हाला देतोय. एवढ्यावर संपायला हवं होतं.

खण उघडा. वर्ष झालं. या दिवसांत इथे दोरीवरचं लुगडं दहा मिनिटांत कडक वाळतं. हा कागद मी गच्चीवर उन्हात टाकला, त्यावरून इस्त्री फिरवली. शेवटी हीटर आणि तापमापकही लावून पाहिले. उष्णता एका टोकाने आत जाते, दुसऱ्या टोकाला पोचतच नाही. हात लावून पाहा, अजून ओला आहे.

घ्या किल्ली. पण आधी उठून ती खिडकी उघडा, मॅडम... तुम्ही आलात तेव्हा मी ती सताड उघडी ठेवली होती.