मबरूकेवर माणसं किती?

सुंदुस त्या दुपारी बंदरावर आली ती तिजानीकाकांना कुसकुसचा डबा द्यायला. केरकेन्ना बेटाच्या या बंदरात कुठली होडी गेली, कुठली आली, हे बघायचं काम काकांचं; आणि ज्या पडद्यावर ते बघत, त्यावरचं वेब-पान सुंदुसने स्वतः लिहिलेलं. निघताना आणि परतताना नाखव्याने मोबाईलवर भरायचं, होडीवर माणसं किती. रकाना रिकामा दिसला की पान लाल होऊन नोंद परत पाठवायचं. "माझ्या पोरीच्या दारातून रिकामं कोणी आत येत नाही!" असं तिचे वडील, जिलानी नाखवा, कॉफीच्या दुकानात छाती फुगवून सांगत. तिलाही त्या पानाचा अभिमान होता, आणि का नसावा?

पण आज दक्षिणेचा शहिली वारा सुटला होता. भरदुपारी आभाळ हळदीसारखं पिवळं पडलं होतं, दाताखाली वाळू कचकचत होती. सगळ्या होड्या परतल्या होत्या. वडिलांची मबरूका तेवढी नव्हती.

"अगं, मघापासून नोंद धाडतोय तुझा बाप," काका डबा उघडत म्हणाले. "तुझं पानच घेत नाहीये. चष्मा घरी विसरला वाटतं म्हातारा! रकाना रिकामाच सोडतोय."

सुंदुसच्या जिवात जीव आला. नोंद येतेय म्हणजे मोबाईलला रेंज मिळाली, बाबा किनाऱ्याजवळ आले. त्यांचं काय चुकतंय ते बघायला तिने परत गेलेल्या नोंदी उघडल्या.

रकाना रिकामा नव्हता. त्यात शून्य होतं. दर वेळी शून्य.

पान ज्या पीएचपी भाषेत लिहिलं होतं, तिला 'हे रिकामं आहे का?' असं विचारलं की ती शून्यालाही रिकामंच म्हणते. सुंदुसला ते ठाऊक होतं. होडीवर कोणीच नाही असं कोण भरणार, म्हणून तिने ते तसंच सोडलं होतं. भरायला तरी होडीवर कोणी हवं ना?

"काका... हे बाबा पाठवत नाहीयेत."

"मग कोण? मोबाईल तर त्याचाच आहे..."

पुन्हा नोंद आली. पुन्हा लाल. पाठवणारं कोणीही असो, नोंद बाबांच्या नावाने येत होती. बाबांनी समुद्रावरून कधी खोटा आकडा सांगितला नव्हता, आणि त्यांचा शब्द तिच्याच दारातून परत जावा हे तिला सहन होईना. तिने ती ओळ बदलली. कोरं चालणार नाही, शून्य चालेल.

पुढची नोंद हिरवी झाली. मबरूका. परत. माणसं शून्य.

तेवढ्यात इंजिनाची धकधक ऐकू आली. सुंदुस धक्क्यावर धावली. पिवळ्या धुळीतून मबरूका संथपणे आली आणि शेजारच्या होड्यांना न घासता आपल्या जागी येऊन थांबली. अख्ख्या बंदरात अशी होडी फक्त जिलानीच लावू शके. एवढ्या भीतीतही तिचा ऊर भरून आला.

सुकाणूवर कोणी नव्हतं.

"चढू नकोस!... सुंदुस, ऐक माझं..." काका मागून ओरडले.

तिने उडी मारलीच होती. "बाबा!" केबिनमध्ये त्यांच्या तंबाखूचा ताजा वास होता. फळीवर त्यांचा मोबाईल, पडदा उजळलेला. तिच्या डोळ्यांदेखत रकाने भरत गेले. मबरूका. निघताना. माणसं एक.

पान लगेच हिरवं झालं. मागे काका काहीतरी ओरडत होते, आणि त्यांचा आवाज लांब लांब जात होता.