हातातला रंधा

हसा, हसा. लायल थिबोडोला हसला नाही असा माणूस जुन्या बाजाराच्या या मैदानावर सापडायचा नाही. पासष्टीला टेकलेला उंचापुरा गडी, आयुष्यभर शाळेची बस चालवली, चार माणसांत मान आहे. आणि कुणाच्या टेबलावरचं जुनं हत्यार उचलायच्या आधी पलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून विचारतो, "झालं का बघून?" तिथं कुणी नसतं. तरी हा दोन श्वास थांबतो आणि मगच हात पुढे करतो. टकर, आज दुपारी तू त्याची नक्कल करत होतास ती मी पाहिली. छान जमली होती. आता तो हीटर जरा इकडे ओढ. मारिसा, थर्मासमध्ये कॉफी उरली असेल तर दे. पहाटेची गिऱ्हाइकं यायला अजून पाच तास आहेत.

गोष्ट याच मैदानावरची आहे. सन दोन हजार अठरा, ऑक्टोबरची सहा तारीख, शनिवार. लायल घरून निघाला तो पातेलं घ्यायला. त्याची बायको जानिन दरवर्षी सफरचंदं आटवून बरण्या भरते, आणि त्या वर्षी तिचं मोठं पातेलं बुडाशी करपून फुटलं होतं. "पातेलंच आण," तिनं बजावलं होतं. "गंजकी लोखंडं घेऊन आलास तर तुझी गादी गॅरेजमध्ये घालीन." लायल म्हणाला, "गॅरेजमध्ये जागा कुठं आहे?" आणि पहाटे साडेतीनला गाडी काढली.

या मैदानावर सूर्य उगवल्यावर जो येतो, त्याला उरलासुरला माल मिळतो. चांगली वस्तू अंधारातच जाते. म्हणून इथं अंधाराचे नियम आहेत, आणि ते दोनच. टॉर्च मालावर मारायचा, माणसाच्या तोंडावर नाही. आणि वस्तू दुसऱ्याच्या हातात असेल, तर तो ती खाली ठेवीपर्यंत तिला हात लावायचा नाही, किंमतसुद्धा विचारायची नाही. फार तर म्हणायचं, "झालं का बघून?" हातात आहे तोवर ती त्याची. हे तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. लायलला मात्र ते त्याच्या बापानं लहानपणीच शिकवलं होतं.

बाप म्हणजे आर्मंड थिबोडो. नदीकाठच्या चर्चमधली बाकं त्यांच्या हातची, गावातल्या निम्म्या खिडक्या त्यांच्या हातच्या. उजव्या करंगळीचा वरचा अर्धा तुकडा लाकडाच्या गिरणीच्या करवतीत गेलेला. मोजकं बोलायचे. त्यांची हत्यारांची पेटी होती, प्रत्येक हत्याराच्या लाकडावर 'ए. थिबोडो' असा ठसा मारलेला. त्यातला बीच झाडाच्या लाकडाचा रंधा त्यांचा खास. लायलनं नऊ वर्षांचा असताना तो पाडून मूठ मोडली होती. आर्मंडनी ओरडा केला नाही. मुठीला अक्रोडाच्या काळ्या लाकडाचा तुकडा जोडला आणि पोराला एवढंच दाखवलं, की रंधा असा कुशीवर ठेवायचा, पात्यावर नाही. धार मरते.

एकोणऐंशी सालच्या वसंतात आर्मंड परांचीवरून पडले. पाच आठवडे इस्पितळात होते. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण शिडी विसरा. लायल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला मोटारसायकल हवी होती. गावात जुना माल घेणारा एक फिरता माणूस आला, आणि या पोरानं पेटी त्याच्या गाडीत चढवून दिली. बापाला तो पापा म्हणायचा. मनाशी म्हणाला, पापांना आता ही हत्यारं कशाला लागतात?

आर्मंड कुबड्यांवर घरी आले. सरळ गॅरेजमध्ये गेले. जिथं पेटी असायची तिथं धुळीत चौकोन उरला होता. त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी अजून खाली ठेवली नव्हती ती, लायल."

बस. एवढंच. पुढे सतरा वर्षं ते शाळेत झाडूवाल्याचं काम करत होते. हत्याराला परत हात लावला नाही आणि त्या पेटीचं नाव काढलं नाही. शहाण्णव साली गेले. लायलला माफी मागायची होती, रोज मागायची होती, पण रोज उद्यावर गेली. माणूस असाच असतो, मीही असाच आहे. मग हा ती हत्यारं शोधत दर शनिवारी बाहेर पडायला लागला. कुणाचं अंगण, कुणाची कोठी, कुणी मेल्यावर विकायला काढलेलं घर, काही सोडलं नाही. बावीस वर्षांत ठशाची अकरा हत्यारं परत आणली. दोन पटाश्या, एक करवत, गुण्या, लाकडी हातोडा, असलं काहीबाही. रंधा मात्र सापडला नाही. आणि त्याला खरा हवा होता तो रंधाच.

तर त्या पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नदीवरून धुकं चढलेलं. टॉर्चचा उजेड चार पावलांवर संपत होता. डोनटवाल्याचं जनरेटर लांब कुठं तरी घरघरत होतं. मी तिसऱ्या रांगेत माझ्या गाडीत पांघरूण घेऊन पडलो होतो. लायल शेवटच्या रांगेत, कुंपणाकडच्या टोकाला गेला, कारण भांडीवाले तिकडेच बसतात.

तिथं एक फळी होती, दोन पिंपांवर टाकलेली. मालवाला गाडीत घोरत होता. फळीवर बिजागऱ्या, कुलपं, दोन-चार कानशी. लायलनं उजेड फिरवला. उजेडात एक हात आला. हातात रंधा होता.

मुठीवर अक्रोडाचा काळा तुकडा.

लायलनं ती जोडलेली मूठ ओळखली. ओरडायचंच बाकी होतं. पण माणूस इथं मुरलेला. तो पाऊल मागे सरला, टॉर्च खाली धरला आणि थांबला. हातात आहे तोवर त्याची. मनात एकच चाललेलं. ठेव रे बाबा. खाली ठेव.

तो माणूस घाईत नव्हता. त्यानं रंधा उलटा केला. तळावरून अंगठा फिरवला. डोळ्यासमोर धरून तळाची सपाटी बघितली. पुन्हा अंगठा फिरवला. लायल खाकरला. अंगठा फिरतच राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या माणसाकडे टॉर्च नाही. इतका वेळ अंधारातच बघतोय.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मागून क्लॉडेट आली. काचेची बटणं गोळा करते ती, लाल टोपीवाली. तिनं आपला टॉर्च फळीवर फिरवला आणि नाक मुरडलं. "सगळं लोखंडच आहे मेलं." मग लायलला म्हणाली, "काय रे, पायाला मुळं फुटली का? इतका वेळ काय बघतोयस?"

"त्यांचं होऊ दे," लायल हळूच म्हणाला.

"कुणाचं?"

लायलनं हनुवटीनं दाखवलं. क्लॉडेटनं तिकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा तिकडे.

"रंधा ना? पडलाय की तो तिथं. कधीचा पडलाय. उचल आणि चल, डोनट गार होतील." आणि ती गेली. तिचा उजेड धुक्यात विरला.

लायलच्या टॉर्चमध्ये हात तसाच होता. मूठ धरलेली. तीन बोटं... आणि करंगळी अर्धी.

त्याला पळावंसं वाटलं. आणि रंधा... रंधा तिथंच होता, हाताच्या अंतरावर. चाळीस वर्षं. टॉर्च आपोआप वर चढायला लागला. मनगट. तपकिरी बाही. शर्टाची बटणं. तिसरं बटण वेगळं, निळं. लायलच्या आईनं लावलेलं. याच शर्टात त्यांना शवपेटीत झोपवलं होतं. कॉलर...

कॉलरशी त्यानं उजेड थांबवला. वर नेला नाही. नेता आला नाही.

आणि मग त्यानं ती चूक केली. इथला माणूस जी कधी करत नाही ती. हात पुढे केला, रंध्याचं पुढचं टोक पकडलं आणि ओढलं.

रंधा हलला नाही.

पुन्हा ओढलं. पलीकडून ओढ आली. सावकाश. आपलं आपल्याकडे ओढून घ्यावं तशी. मग अंधारातून दुसरा हात आला आणि लायलच्या मनगटावर बसला. गार नव्हता. लायल हे मला सांगताना दर वेळी इथं अडतो. म्हणतो, एल्डन, तो हात गार असता ना, तर मी सुटलो असतो. उबदार होता. कोरडा, खरखरीत. पोराचा हात पात्यापासून बाजूला करतात, तसा त्यानं माझा हात बाजूला केला.

लायलनं रंधा सोडला.

जनरेटर थांबलं होतं. घोरणं थांबलं होतं. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

मी अजून खाली ठेवली नव्हती ती, लायल...

त्यानं टॉर्च बंद केला. का केला, ते त्यालाही सांगता येत नाही. मिट्ट काळोख. समोर कापडाची सळसळ. हाताच्या अंतरावर.

"पापा," तो म्हणाला. "पापा... मी चुकलो. तुमचं होतं ते. तुम्हाला विचारायला हवं होतं." मग त्याला एवढंच सुचलं, जे या मैदानावर म्हणतात ते.

"झालं का बघून?"

समोर अंगठा लाकडावर घासला.

"घाई नाही," लायल म्हणाला. "मी थांबतो."

थांबला. किती, ते त्याला माहीत नाही. अंगठ्याचा लाकडावर घासल्याचा आवाज येत होता. पुढे... मागे. पुढे... मागे. मग तोही थांबला.

मग, टक्.

लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज.

लांबवर जनरेटर घरघरायला लागलं. गाडीतल्या माणसानं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. लायलनं टॉर्च लावला. फळीपलीकडे कुंपण होतं आणि धुकं होतं. आणि फळीवर रंधा होता. कुशीवर ठेवलेला.

मालवाल्याला उठवून पैसे देऊन उजाडताना तो माझ्या गाडीशी आला. रंधा कोटात गुंडाळून, पोर धरावं तसा छातीशी धरलेला, आणि स्वतः नुसत्या शर्टावर कुडकुडत. मी विचारलं, "पातेलं मिळालं?" तर माझ्या गाडीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. हे सगळं त्यानं मला तिथंच सांगितलं. मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, बाप आठवला, धुकं होतं, वय झालं.

तू आत्ता हेच म्हणतोयस ना, टकर? म्हण. मीही म्हणत होतो. जानेवारीपर्यंत.

जानेवारीत त्याच्याकडून लाकूड आवळायचा एक शिकंजा आणायला गेलो होतो. बाहेर नळ गोठून फुटलेले. त्याच्या गॅरेजमध्ये शेगडी नाही. फळीवर ती अकरा हत्यारं ओळीनं मांडलेली, पोलादावर पांढरं दव गोठलेलं. मी पटाशीला बोट लावलं तर कातडी चिकटली. ओळीच्या शेवटी रंधा होता, कुशीवर.

"हात लाव," लायल म्हणाला. "पण आधी विचार."

मला वेड्यासारखं वाटलं. पण त्याचं तोंड बघितलं आणि विचारलं. त्या मोकळ्या जागेकडे बघून. झालं का बघून?

दोन श्वास थांबलो.

मग मूठ धरली. रंध्याचं बाकीचं लाकूड बर्फ झालं होतं, पोरांनो. मूठही गारच होती. फक्त जिथं बोटं येतात, तेवढ्या पट्ट्यांवर ऊब होती... आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखी. मी माझी बोटं त्या पट्ट्यांवर ठेवून पाहिली. एक. दोन. तीन.

करंगळीखालची ऊब निम्म्यावरच संपली.