दारोगा, तिला सांग

पहिली गोळी सायकलच्या घंटीवर टण्णकन आपटली. दुसरी कानाजवळून गेली, आणि जेमा बिरुआ सायकलसकट पायवाटेवर आडवी झाली. ज्या कावळ्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तो वरच्या फांदीवर बसून मजेत बघत होता.

"डोळे फुटले का रे तुझे?" ती ओरडली.

अर्जुनाच्या झाडामागून एक तरुण पुढे आला. हातात गलोल, वाढलेली दाढी, डोक्यावर केसांचं पार घरटं झालेलं. तिला पाहताच तो थबकला, झटकन पाठ फिरवली आणि पायाशी बसलेल्या काळ्या कुत्र्याला म्हणाला, "दारोगा, ह्या बाईला सांग, गोळी कावळ्यासाठी होती. लागलं असेल तर... वाईट वाटलं म्हणावं. आणि दोरीच्या पलीकडेच थांब म्हणावं."

जेमानं खाली पाहिलं. झाडाझाडांना गुंडाळून एक गवती दोरी बांधलेली होती. ती ह्याच कोल्हान मुलखातली पोर, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. टसर रेशमाच्या अळ्या झाडांवर आहेत तोवर राखणदारानं केस विंचरायचे नाहीत, हळद-मासळी खायची नाही, बाईशी बोलायचं नाही. आणि बाईनं दोरी ओलांडायची नाही. तिच्या मामानं हेच व्रत जन्मभर पाळलं होतं.

तिनं सायकल उचलली, गुडघा झटकला आणि तीही कुत्र्यालाच म्हणाली, "दारोगा, मालकाला सांग, कावळा अजून तिथंच बसलाय. आणि घंटी नवी होती."

दारोगानं शेपूट हलवलं. पाठमोऱ्या माणसाचे खांदे गदगदा हलले. हसत होता मेला!

त्याचं नाव दोब्रो सिंकू. हे तिला केंद्रावर कळलं, आणि तेही तिनं न विचारता. हेसाबासा गावात बातमी सायकलीच्या पुढे धावते. केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. जेमाची संस्था एवढीशीच. सकाळी ओसरीवर पोरांना आधी घरच्या भाषेत अक्षरं शिकवायची, म्हणजे शाळेत गेल्यावर ती मुक्यासारखी बसणार नाहीत. दुपारी बायकांना कोषांतून सूत काढायला शिकवायचं. पण ह्या हंगामात बायकांनी वेगळंच डोक्यात घेतलं होतं. सूत आम्ही काढतो, मग अळ्याही आम्हीच का पाळू नयेत? झाडं त्यांनी स्वतः लावून वाढवलेली, दोब्रोच्या राईला अगदी खेटून.

गाव आधी हसलं, मग चिडलं. शेवटी गावचा मुंडा, म्हणजे आपल्याकडचा पाटीलच म्हणा, वैतागून म्हणाला, "एक पीक घ्या. बिघडलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

म्हणजे बायकांचं सगळं त्या एका पिकावर होतं. आणि जेमाचंही. पीक गेलं असतं तर संस्थेनं तिला दुसऱ्या गावी पाठवलं असतं.

रोज ती बायकांबरोबर दोरीच्या अलीकडे अळ्या राखायला बसायची. पलीकडे तो. मध्ये दारोगा, दोन्हीकडच्या भाकरतुकड्यावर दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललेला.

"दारोगा, तिला विचार, अळ्या सोडायच्या आधी भिंगातून फुलपाखरांत बघत होती ते काय?"

"दारोगा, सांग त्याला, रोग बघते. रोगी फुलपाखराची अंडी फेकून देते. त्याच्या बापानं मात्र बाजारातून न तपासलेली अंडी आणलीत."

"बापाला सांगायची तुझी छाती आहे का, विचार तिला."

"नाही म्हणावं. त्याची आहे का?"

तिकडून आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग, "दारोगा, बाई फार बोलते रे."

"मग ऐकतोस कशाला, विचार."

"दारोगा..." आवाज जरा खाली आला. "कान काही व्रतात धरलेले नाहीत म्हणावं."

जेमानं मान खाली घालून उगीचच एक पान खुडलं. नानिकाकाकी बायकांत सगळ्यांत वडील, जिभेनं तिखट. ती शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "कुत्र्याची मजा आहे बाई. लग्न ठरलं नाही तोच मध्यस्थ झालं!"

एकदा जेमानं विचारून टाकलं. "दारोगा, अख्खं गाव मला दीदी म्हणतं. म्हातारेसुद्धा. तुझा मालक 'बाई' का म्हणतो?"

पलीकडे गलोलीचं रबर उगाच ताणलं गेलं, सुटलं. "एकदा दीदी म्हटलं की बहीण झाली. मग परत फिरता येत नाही, सांग तिला."

जेमानं हातातली सगळी भाकरी दारोगालाच देऊन टाकली.

अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या. एका दुपारी गाव बाजाराला गेलं होतं, दोरीपाशी जेमा एकटीच. दारोगा एकटाच आला आणि कुईकुई करत तिच्याभोवती फिरू लागला. तिनं पलीकडे पाहिलं. दोब्रोच्या जवळच्या झाडावर काही अळ्या शेपटीकडून लटकत होत्या, मान खाली, अंग लुळं. तो रोग ती ओळखत होती. त्या आताच्या आता वेचून जाळल्या नाहीत तर झाडामागून झाड साफ होणार, आणि दोरीला काय कळतंय? अलीकडे बायकांच्या अळ्या होत्याच.

"दारोगा! मालक कुठंय?" ती मोठ्यानं ओरडली.

पानांच्या खोपीतून उत्तर आलं, पण ते दातांच्या कडकडाटात फुटत होतं. हिवताप. तो उठायला गेला आणि खांबाला धरून खाली बसला.

"तुझ्या अळ्या लटकल्यात," ती म्हणाली. कुत्र्याला मध्ये घ्यायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

त्यानं झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पहिल्यांदाच, सरळ. तिनं पाऊल उचललं नव्हतं. उचललं असतं तर तिनं व्रत मोडलं असतं, आणि तिच्याबरोबर सगळ्या बायकांनी.

"जेमा," तो म्हणाला. "आत ये."

ती गेली. लटकलेली एकेक अळी तिनं वेचली, जाळली, झाडांच्या बुंध्याशी चुना टाकला. जाता जाता त्याच्या अंगावर घोंगडी ओढली, ते मात्र कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. दोरीबाहेर पाऊल टाकते तोच समोर दोब्रोचा बाप, तुराम, बाजाराची पिशवी घेऊन उभा.

चिंचेखाली गाव बसलं. तुराम उठून उभा राहिला. "बाईची सावली पडली माझ्या राईवर! आता काय राहिलं?"

"ती आली नाही," दोब्रो म्हणाला. तापानं त्याला धड उभंही राहवत नव्हतं. "मी बोलावली. व्रत मी मोडलं. प्रायश्चित्ताचा कोंबडा मी देतो, तिला बोलू नका."

मुंडानं दाढी खाजवली. "दोब्रोचं पीक आलं तर बायकांची झाडं बायकांकडे. गेलं, तर सावलीनं गेलं. मग बायकांचं पीक कसंही येवो, पुन्हा नाही."

परतताना नानिका वाटेतच थांबली. आज तिच्या बोलण्यात तिखटपणा नव्हता. "दीदी, आमच्या अळ्या धडधाकट होत्या गं," ती म्हणाली. "आता तू आम्हाला त्याच्या पिकाला बांधून ठेवलंस."

जेमाकडे उत्तर होतं. रोग आपल्याकडेही आला असता, हे खरंच होतं. पण ते तिच्या तोंडातून निघेना. कारण अळ्यांचा विचार तिनं नंतर केला होता. आधी तो आवाज ऐकला होता, आणि तो माणूस मरेल की काय ह्या भीतीनं तिचं काळीज हललं होतं. प्रेम म्हणतात ते हेच असावं. वेळ मोठी नामी साधली होती प्रेमानं!

दोब्रोनं कोंबडा दिला, नव्यानं व्रत धरलं आणि ह्या वेळी तोंडाला कुलूपच लावलं. कुत्र्याशीही बोलणं बंद.

"दारोगा, ताप उतरला का, विचार," जेमा म्हणायची. दारोगा कान खाजवायचा. पलीकडून फक्त गलोलीचा आवाज. पानं राठ झाली, सकाळी धुकं पडू लागलं. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि रोज तिथं बसून राहण्याखेरीज हातात काही नव्हतं.

मग एका सकाळी दारोगा दोरीखालून आला तो मान ताठ करून. गळ्यात सुतळी, सुतळीला एक कोष. ताजा, टणक, मातकट पिवळा. जेमानं तो कानाशी धरून हलवला. आत जिवंत वजन होतं. ती तिथंच पानांत बसली आणि बायकांदेखत रडली. नानिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला नि कोष हातात घेऊन तीही डोळे पुसू लागली.

दोब्रोचं पीक भरगच्च आलं नाही, पण आलं. बायकांचं त्याहून बरं आलं, आणि ते कोणी मोठ्यानं बोललं नाही. तुरामनं चिंचेखाली टोपलीतला कोष उचलला, कानाशी हलवला, पुन्हा हलवला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"ह्या पोरीची सावली हलकी आहे," तो म्हणाला. दुसऱ्याचं खरं होतं हे कबूल करायची म्हाताऱ्यांची ही रीत. बायकांना झाडं मिळाली.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या ओसरीवर बायका सूत काढत असताना दोब्रो आला. दाढी केलेली, केसांना तेल, मधोमध भांग. खांद्यावर ती गवती दोरी गुंडाळलेली. आता व्रत सुटलं होतं, बोलायला कोणाची बंदी नव्हती, आणि गड्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"दारोगा..." त्यानं सवयीनं सुरुवात केली.

"अरे, आता कशाला मध्ये कुत्रं?" नानिका खेकसली. ओसरी हसून लोटपोट झाली.

दोब्रो कानापर्यंत लाल झाला. "पुढच्या हंगामात ही दोरी बांधणार नाही मी," तो जेमाला म्हणाला. "विंचरणार नाही, मासळी खाणार नाही, बाकी सगळं पाळीन. पण तुझ्याशी न बोलणं... ते दोन महिने मी काढले. पुन्हा नाही जमायचं. तू इथं राहशील? माझ्याजवळ?"

जेमानं त्याच्या खांद्यावरून दोरी काढून घेतली. ओसरीच्या दोन खांबांना ती घट्ट बांधली आणि सुताच्या ओल्या लडी एकेक करून तिच्यावर वाळत टाकल्या. तो लडींच्या पलीकडे उभा, श्वास रोखून. शेवटची लड टाकून झाल्यावर तिनं खाली वाकून दारोगाचं डोकं कुरवाळलं.

"दारोगा, सांग त्याला," ती म्हणाली, "माघ परबाच्या सणाला बापाला घेऊन आमच्या गावी मागणी घालायला ये. माझे बाबा वाट बघत असतील. आणि येताना घंटी घेऊन ये म्हणावं, नवी."