मधली रेघ

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात तिचाच आलेख होता – आणि त्यावर लाल पेनाने काढलेलं भलंमोठं प्रश्नचिन्ह.

"हे काढणाऱ्या बाई कितव्या मजल्यावर बसतात हो?"

"काय काम होतं?"

"भांडायचंय."

"मग पाचव्या. चला, दाखवते."

पाचव्या मजल्यावर ती सरळ जाऊन आपल्या खुर्चीत बसली. "हं... करा सुरुवात."

त्याचे कान लाल झाले.

खोल समुद्रात विहीर खोदायच्या आधीच, तळाखालच्या खडकांच्या छिद्रांत किती दाब कोंडलाय, याचा अंदाज ती बांधायची. तो त्या खोदकामाच्या जहाजावर मड बनवायचा – विहिरीत भरायचा पातळ चिखल. तो हलका पडला तर खालचा वायू उसळून वर, जड झाला तर खडकच फाटणार. म्हणजे जहाजावरच्या सगळ्यांचा जीव तिच्या रेघांवर.

"शेजारच्या विहिरीत दाब तीन हजार पंचवीस मीटरला चढला होता. त्याच थरात तुमच्याकडे तीन हजार मीटरलाच. पंचवीस मीटर गेले कुठे?"

"तुम्ही खोली कुठून मोजता?" तिने विचारलं.

"उभा असतो तिथून. डेकवरून."

"मी समुद्राच्या पाण्यापासून. आणि... ते लिहायचं राहिलं. चूक माझी."

डेक पाण्यापासून बरोबर पंचवीस मीटर उंच होता. भांडण तिथेच बारगळलं.

तरी तो रोज येत राहिला, हातात दोन कप कॉफी घेऊन. तिच्या प्रत्येक आलेखावर तीन रेघा असायच्या – कमीत कमी, जास्तीत जास्त आणि मधली.

"एकच आकडा सांगवत नाही का तुम्हाला?"

"एकदा ठामपणे सांगितला होता. साफ चुकला."

"विहिरीचा?"

"नाही," ती कपात बघत म्हणाली, "माणसाचा."

तिच्या कपावरचं झाकण त्याने हळूच नीट बसवलं.

निघायच्या दिवशी तो म्हणाला, "अठ्ठावीस दिवसांनी परत येईन. धक्क्यावर याल?"

"शक्यता... बऱ्यापैकी आहे."

"कमीत कमी किती?"

ती नुसती हसली. तो गेल्यावर स्वतःवरच चिडली.

एकोणिसाव्या दिवशी, जेवताना निरोप आला – 'दाब चढला. तुमच्या मधल्या रेघेवरच. मड आधीच जड केला होता, सगळे सुखरूप. खोली पाण्यापासून मोजलीय, तुमच्यासारखी.'

"कामाचा निरोप वाचून कोण लाजतं गं एवढं?" आई म्हणाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी धक्क्यावर भणाण वारा होता. बॅग खांद्याला लावून तो उतरला, तिला पाहून थबकला. तिने घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर एकच रेघ होती. कोपऱ्यात नीट लिहिलेलं – 'तू उभा आहेस तिथून मोजलेलं.'

"वरची आणि खालची रेघ?"

"नाही काढली."

"आणि... चुकलं तर?"

"तर लाल पेन घेऊन ये," ती म्हणाली, "भांडायला. रोज."