घुबडाचं डावं पीस

"दार! अहो, दार लावा आधी!"

पण दार उघडणाऱ्या तरुणाच्या आधी वाराच आत शिरला. टेबलावरची पिसं भुर्रकन उडाली आणि पक्षी-संग्रहालयात सगळे जिला पिसेबाई म्हणत, ती खाली बसून भराभरा ती वेचू लागली. तोही वाकला. दोघांचे हात एकाच पिसावर पडले...

"मला घुबडाचं पीस हवंय!" तो म्हणाला. म्हणाला कसला, ओरडलाच.

"मिळेल. पण हळू बोला, घुबड दचकेल."

"ते तर पेंढा भरलेलं आहे!"

"म्हणून काय झालं?"

तो हसला. कारखान्यात पवनचक्कीची पाती घडवायचा तो. यंत्रांच्या गोंगाटात राहून आवाज कायमचा चढलेला. त्याच्या आईच्या घरामागेच एक पवनचक्की होती. तिच्या घरघरीनं आईच्या डोळ्याला डोळा लागत नसे. कानांत कापूस घालून ती दिवस ढकलत होती. घुबड मात्र उडताना चाहूल लागू देत नाही, कारण त्याच्या पिसाच्या काठाला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. तसेच दाते पात्यांना लावायचे, हा त्याचा ध्यास. साहेबांनी एकच चाचणी कबूल केली होती. फसली, की काम बंद.

पाती उजव्या अंगानं फिरत, म्हणून तिनं 'उजवा पंख' अशी चिठ्ठी बांधून एक पीस त्याच्या हाती दिलं. मग महिनाभर तो येतच राहिला.

"आज कसली शंका?"

"शंका नाही... दार हळू लावायला शिकलो, तेवढं दाखवायला आलो."

ती मान खाली घालून हसायची.

रोज निघताना पाळीपाळीनं एक कप्पा उघडून, त्यावर हात ठेवून 'सांभाळ रे देवा' म्हणायचं, असा तिचा नेम होता. त्या संध्याकाळी महिन्यानं घुबडाच्या कप्प्याची पाळी आली आणि तिचा हात तसाच राहिला. डाव्या पिसाच्या जागी उजवं पीस निजलं होतं. म्हणजे त्याला दिलेलं... डावं!

त्या दिवशी वेचताना तिचं लक्ष पिसांवर नव्हतंच. कुठे होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सांगावं, तर तो पुन्हा तोंड बघायचा नाही. न सांगावं, तर... कानांत कापूस घातलेली ती माउली! तिनं पायांत चपला सरकवल्या आणि ती धावतच कारखान्यात पोचली.

तिन्ही पाती आडवी ठेवलेली, दात्यांच्या पट्ट्या नुकत्याच चिकटवलेल्या.

"मी चुकले," तिला धाप लागली होती. "पीस डावं दिलं मी. दाते उलटे झुकलेत."

त्यानं वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"गोंद ओला आहे तोवर हात चालवा!" कारखान्यातले मिस्त्रीकाका खेकसले. "सकाळी त्याचा दगड होईल. रुसवेफुगवे मग!"

पट्ट्या सोडवल्या, पालथ्या केल्या, पुन्हा चिकटवल्या. "धरा." "सोडा." याखेरीज तो एक शब्द बोलला नाही. पुढचे दोन दिवस तर संग्रहालयाचं दार वाजलंसुद्धा नाही.

चाचणीच्या सकाळी आईच्या घरामागच्या पवनचक्कीखाली सगळे, तीसुद्धा, कानांवर जाड झाकणं चढवून उभे होते. पाती हलली... वेग वाढला. तिनं भीतभीत एक झाकण बाजूला केलं.

गवताची सळसळ ऐकू येत होती!

साहेबांनी झाकणं काढली. मिस्त्रीकाकांनी काढली. आईनं तर कानातला कापूसच काढून मुठीत धरला. तो मात्र डोळे गच्च मिटून, झाकणं दोन्ही हातांनी दाबून उभा होता. तसाच तिच्याकडे झुकला आणि नेहमीच्या सवयीनं जिवाच्या आकांतानं ओरडला—

"फसलं तरी चालेल! तुम्ही येऊन खरं सांगितलंत... आता जन्मभर तुमच्याच चुका निस्तरायच्या आहेत मला! फार आवडता तुम्ही मला!"

साहेबांचं पेन थांबलं.

"अरे हळू, मेल्या!" आई म्हणाली. "मी कापूस काढलाय."

त्यानं डोळे उघडले. सगळे त्याच्याकडेच बघत होते. तिनं टाचा उंचावून त्याच्या एका कानावरचं झाकण हलकेच दूर केलं. गवत सळसळलं. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"सगळ्यांना... ऐकू गेलं?" तो पुटपुटला. जन्मात पहिल्यांदाच.

"हो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "आणि मलाही आवडतोस तू... पण हे फक्त तूच ऐक."