साठ मिनिटांचा काळोख

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुमच्या हातात एक कॅमेरा आहे असं समजा. खांद्यावर घ्यायचा अवजड नाही, जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या भिंगावर काळं झाकण आहे. ते काढायचं नाही. आता शूटिंगचं बटण दाबा आणि तासभर गप्प बसा.

काय मिळेल? तासभराचा काळोख. बरोबर. पण कॅमेऱ्याला कानही असतो, आणि कानाला झाकण नसतं. एवढं लक्षात ठेवा. उघडा डोळे.

ठाण्याला, कोपरीत, खाडीकडच्या एका बैठ्या चाळीत नॉर्मन राहायचा. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. सत्त्याण्णव साली आखातातला भाऊ सुट्टीवर आला आणि त्याने असला छोटा डिजिटल कॅमेरा आणला. नॉर्मन हरखून गेला. शेजारच्या व्हॅलेरियन अंकलला म्हणाला, "आता रिळं नकोत, लॅब नको. यात अख्खा सिनेमा होतो, अंकल. तुम्ही हीरो."

"या वयात? नि हिरोईन कोण, माझी फुटकी होडी?"

"तीच!"

आणि खरंच, मासेमारी सोडणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट त्याने लिहून काढली.

त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. कोऱ्या टेपवर तुकड्यातुकड्याने शूटिंग केलं की मध्ये जागा सुटायची आणि आतलं घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागायचं. पुढे तुकडे जोडताना घोळ. म्हणून टेप आधी काळी करून घ्यायची: झाकण लावून साठ मिनिटं नुसती चालू ठेवायची. हे काम नॉर्मनची बायको व्हेरोनिका करायची. कॅमेरा शिलाई मशीनजवळ ठेवायची, बटण दाबायची आणि शिवत बसायची.

मे महिन्यात तिला कावीळ झाली. आठ दिवसांत ती गेली. मशीन कल्याणच्या मावशीकडे गेलं. फरशीवर त्याच्या पायांचे चार ठसे राहिले, आणि शिवणाच्या डब्यात पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ. फेलिशियाचा, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचा, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक एका बाहीशिवाय अर्धाच राहिला होता.

व्हेरोनिकाने काळ्या केलेल्या पाच टेपा मागे राहिल्या होत्या. एका दुपारी फेलिशियाने सहज हेडफोन लावून पाचवी ऐकली. मशीनची घरघर. दाताने दोरा तोडल्याचा कट्ट असा आवाज. मग अगदी जवळून, "फेलू, पाय पुसून ये गो."

बाकीच्या चार टेपांचं विचारायला ती धावत खाडीवर, डॅडीकडे गेली. पण पहिल्या चारांवर शूटिंग कधीच झालं होतं. आणि ही पाचवी तिने डॅडीला न सांगता परत टेपांच्या डब्यात ठेवली, तीच नॉर्मनने दुसऱ्या दिवशी घाईत कॅमेऱ्यात घातली. वरून होडी आली, खाडी आली. खालचा आयचा आवाज पुसला गेला. कळलं तेव्हा नॉर्मन उंबऱ्यावरच बसला.

शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. त्यासाठी एक कोरी टेप आली. "मी करते काळी," फेलिशिया म्हणाली. वरचा चकचकीत कागद तिने स्वतः फाडला. खिडक्या लावल्या, झाकण नीट बसवलं आणि तासभर त्या चार ठशांसमोर हूं की चूं न करता बसली.

मग तिने टेप ऐकली. आधी स्वतःचा श्वास. बाहेर एक कावळा. आणि त्या मागे, खूप लांबून, मशीनची घरघर.

दुसऱ्या दिवशी तिने तीच टेप, त्याच जागेपासून पुन्हा ऐकली. घरघर शेजारच्या खोलीतून आल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी घरघर याच खोलीत होती. फेलिशियाला खोकला आला. टेपमधलं मशीन थांबलं.

"फेलू?"

तिने तोंडावर हात धरला.

"इथं जाम काळोख हाय गो. झाकण काढ."

आता टेप ऐकताना झाकण असलं काय, नसलं काय, काहीच फरक पडत नाही. फेलिशियाला हे पक्कं ठाऊक होतं.

तिने डॅडीला सांगितलं. तो हसला नाही, रागावला नाही. हेडफोन लावले. पूर्ण टेप ऐकली.

"तुला काय बोलली ती?" त्याने शेवटी विचारलं.

"झाकण काढ बोलली."

नॉर्मनने हेडफोन हळूच खाली ठेवले. "मला बोलली, पोरीला झाकण काढू देऊ नको."



"खरी आय कुठली, डॅडी? तुला बोलली ती का मला बोलली ती?"

 दुसऱ्या दिवशी अंकलची होडी मोडीत काढायला माणसं येणार होती, आणि शेवटचा प्रसंग तोच होता. दुसरी टेप नव्हती. "उद्या शूटिंग यावरच," नॉर्मन म्हणाला. "झाकण मी काढीन. तू हात लावायचा नाय. एकदा वरून शूटिंग झालं की संपलं सगळं."

संपलं सगळं. म्हणजे आयसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉर्मन अंकलला बोलवायला गेला. कॅमेरा टेबलावर होता. फेलिशियाने हेडफोन लावले.

मशीन तिच्या गुडघ्याशी चालत होतं.

"आय," ती कुजबुजली, "माझ्या फ्रॉकची कुठली बाही राहिली?"

मशीन थांबलं. 

"झाकण काढ. मग सांगते."

आयने लगेच सांगितलं असतं, फेलिशियाच्या मनात आलं. तिने कॅमेऱ्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं. टेप साठ मिनिटांची होती. आकडे सांगत होते: बासष्ट मिनिटं, चौदा सेकंद. पंधरा. सोळा.

बाहेर डॅडीची चप्पल वाजली. अंकलचं हसणं ऐकू आलं.

"फेलू. काढ गो बाय. काळोख हाय."

झाकण आता डॅडीलाही काढता येऊ नये म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. झाकणावरून, कॅमेऱ्याभोवती, पुन्हा झाकणावरून, असा दोरा गुंडाळत गेली. भिंगाकडची बाजू पांढरी होईपर्यंत. मग गाठ मारली. आणि आयसारखाच दाताने दोरा तोडला.

कट्ट.

हेडफोनमध्ये, अगदी तिच्या कानाशी, कुणीतरी झाकणाच्या आतून तोच दोरा तोडला.

कट्ट.