चौदाव्या तुकडीचे दाणे

घरोघरचे गॅस सिलिंडर भंगारात जाऊन दोन वर्षं झाली होती. आता शेगडीत साबुदाण्याएवढा दाणा ठेवला, कळ फिरवली, की दोन दिवसांचा स्वयंपाक निघे. दाणा साध्या नायट्रोजनचा. हवेत या वायूचे अणू जोडीजोडीनं हिंडतात. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तापवून प्रचंड दाबले, की जोड्या मोडतात, प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांचा हात धरतो आणि घट्ट स्फटिक तयार होतो. पुरेसा दाबलेला असेल, तर तो दाब काढल्यावरही टिकतो. हात सुटले, की साठलेली ऊर्जा बाहेर पडते.

चाकणजवळच्या दाबशाळेत तपासनीस असलेल्या इरावती बेंद्रेला चहा घेता घेता जुन्या नोंदींत एक गोष्ट खटकली: दाण्यांच्या चौदाव्या तुकडीत तापवणं संपताच लगेच दाब मोजलेला होता. दाब मोजायला स्फटिकाशेजारी माणकाचा कण ठेवत. दाब वाढेल तसा त्याच्या प्रकाशाचा रंग सरके. पण तो उष्णतेनंही सरकतो, म्हणून सगळं निवल्यावरच मोजायचं, हा तिथला पहिला धडा.

"डोईफोडे, चौदावी तुकडी निवू दिली होती ना?"

यंत्रावरच्या डोईफोडेनं मान खाली घातली. "माल न्यायची गाडी दारात उभी होती, मॅडम. थांबलो नाही. पण रंग बरोबर आला होता. सही तुम्हीच केलीत."

इरावतीनं नोंद पुन्हा वाचली. रंग उष्णतेनं सरकला होता, दाब कमीच पडला होता. असे कच्चे दाणे आच किंवा जोराचा धक्का लागताच फुटणार. आणि त्याच तुकडीतली डबी तिनं मोठ्या कौतुकानं वाईला आईकडे धाडली होती.

"तुम्ही सगळ्या दुकानांना कळवा," असं डोईफोडेला सांगत तिनं फोन लावला. "आई, शेगडी पेटवलीस?"

"आत्ताच दाणा काढलाय. मुठीत आहे. का गं?"

"टाकू नकोस! धक्क्यानं फुटेल. पाण्याचं पातेलं आहे जवळ? मूठ बुडव, तळाला टेकव आणि हळूच उघड."

पातेलं सरकल्याचा आवाज आला. आपल्या एका सहीनं आई जाणार, या विचारानं इरावतीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"सोडला बाई," आई म्हणाली. इरावतीला रडू फुटलं.

"आता घराबाहेर हो. डबीला हात लावू नकोस."

"अगं, पण त्यातला एक मगाशीच समोरच्या द्वारकाबाईंनी उसना नेलाय. कुकर लावायचा होता त्यांना."

"त्यांना फोन कर!"

"त्यांना कुठं ऐकू येतं? दारात जाऊनच सांगायला हवं." आई चपला पायात सरकवत असावी. मग ती थबकली. "इरा, गप्प का झालीस? जाऊ ना मी?"